करवंटीपासून कार्बन डायऑक्साइड पकडणारा कोळसा: बनवायचा कसा, तपासायचा कसा

सक्रिय कोळसा (मुद्दाम बारीक छिद्रं पाडलेला कोळसा) म्हटला की लोक आधी विचारतात, “क्षेत्रफळ किती?” पाण्यातला रंग किंवा वास काढायचा असेल तर हा प्रश्न ठीक आहे. कार्बन डायऑक्साइड पकडायचा असेल तर मात्र याच प्रश्नामुळे महिनोन्‌महिने वाया जातात. छिद्रांच्या भिंती धरून ग्रॅमला ३००० चौरस मीटर क्षेत्रफळाचा कोळसा साध्या हवेच्या दाबाला, २५ °से.ला, ग्रॅममागे जेमतेम ३ मिलिमोल (या वायूचा १ मिलिमोल म्हणजे ४४ मिलिग्रॅम) वायू धरतो आणि त्याच्या निम्म्या क्षेत्रफळाचा कोळसा ४ च्या वर जातो, असं नेहमी दिसतं. फरक पडतो तो छिद्रांच्या रुंदीमुळे. या वायूच्या रेणूची रुंदी सुमारे ०.३३ नॅनोमीटर. छिद्र ०.८ नॅनोमीटरपेक्षा अरुंद असेल तर दोन्ही भिंतींची ओढ रेणूवर एकदम पडते. छिद्र २-३ नॅनोमीटरचं झालं की मधली जागा रिकामीच राहते, कारण तिथे रेणू धरून ठेवायला जास्त दाब लागतो. चिमणीच्या धुरात या वायूचा दाब जेमतेम ०.१२ ते ०.१५ बार. तिथे तर ०.५-०.६ नॅनोमीटरची छिद्रंच खरं काम करतात.

म्हणून खालची सगळी कृती ‘जास्तीत जास्त पोखरा’ या दिशेने नाही, तर ‘थोडंच पोखरा आणि वेळेत थांबा’ या दिशेने आहे. स्पेनमधल्या ओव्हिएदोच्या सेविया आणि फुएर्तेस या संशोधकांनी २०११ मध्ये लाकडाच्या भुशापासून केलेल्या कोळशावर त्याच्या वजनाच्या दुप्पट कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पुढे नुसतं ‘पोटॅश’) आणि ६०० °से. वापरून २५ °से.ला ग्रॅममागे ४.८ मिलिमोल मिळवले. तेव्हापासून या क्षेत्रात ‘दुप्पट पोटॅश, ६०० अंश’ हा पाया मानला जातो. इथेही तोच धरला आहे, फक्त कच्चा माल करवंटीचा.

आधी धोक्याचं

हे काम घरी, गच्चीवर किंवा शेतातल्या भट्टीत करायचं नाही. पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि कार्बन एकत्र तापले की हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि पोटॅशियम धातू तयार होतो. पहिला पेट घेतो, दुसऱ्याला वास नसतो आणि तो जीव घेतो, तिसरा पाणी लागताच भडकतो. फ्यूम हूड (विषारी वायू ओढून घेणारं कपाट), कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, चेहरा झाकणारी ढाल, नायट्राइल हातमोजे आणि मदतीला दुसरं माणूस असेल तरच भट्टी लावा. पोटॅश डोळ्यात उडालं तर आम्लापेक्षा खोल जखम करतं. डोळे धुण्याचा नळ कुठे आहे आणि तो खरंच चालतो का, हे आधी बघून ठेवा.

करवंटीच का

कोकणात करवंटी बंबात जाते. तमिळनाडूत पोल्लाची-कांगेयम पट्ट्यात मात्र तिच्या कोळशाचा मोठा धंदा उभा आहे आणि त्याला कारण आहे. करवंटीत लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) भरपूर, राख साधारण एक टक्क्याच्या आत आणि मूळ पोत इतका घट्ट की तिच्या कोळशात निसर्गतःच अरुंद छिद्रं होतात. उसाचं चिपाडही चालतं आणि पश्चिम महाराष्ट्रात ते ढिगाने मिळतं, पण त्यात राख आणि सिलिका जास्त. सिलिकाचा बराच भाग पोटॅशमध्ये विरघळून धुण्यात निघून जातो, मात्र तेवढं पोटॅश त्यात खर्ची पडतं आणि प्रमाणाचा हिशेब बिघडतो. शिवाय चिपाडाचा कोळसा फुसका, हलका. टाकीत भरताना लिटरमागे किती माल बसतो हे महत्त्वाचं असतं, आणि तिथे करवंटी सरळ पुढे आहे.

करवंट्या पिकल्या नारळाच्या घ्या. शहाळ्याचं कवच कोवळं, त्यात ओलावा आणि क्षार जास्त. बाहेरचा काथ्या आणि आतली खोबऱ्याची साल खरवडून काढा. काथ्यात पोटॅशियम आणि क्लोराइड असतं. तो राहिला तर भाजतानाच अनियंत्रित पोखरण सुरू होते आणि दोन घाण्यांचा माल सारखा येत नाही. धुवा, १०५ °से.ला रात्रभर वाळवा आणि १-२ मिलिमीटरचे तुकडे करा. हातोडीने फोडून चाळणी लावली तरी पुरे.

पहिला टप्पा: भाजणी

वाळलेले ४० ग्रॅम तुकडे ट्यूब फर्नेसमध्ये (नळीच्या आकाराच्या विजेच्या भट्टीत) घाला. नायट्रोजन मिनिटाला १०० मिलि सोडा, मिनिटाला ५ अंश या गतीने ५०० °से.पर्यंत न्या, तासभर ठेवा आणि नायट्रोजन चालू ठेवूनच थंड करा. वजनाच्या २५ ते ३० टक्के कोळसा हाती येतो, म्हणजे ४० ग्रॅमचे साधारण ११ ग्रॅम. त्याहून बराच कमी आला तर कुठूनतरी हवा शिरते आहे.

इथे दोन चुका हमखास होतात. एक, ‘चांगला भाजू’ म्हणून ७००-८०० अंशांवर नेणं. इतका भाजलेला कोळसा पोटॅशला दाद देत नाही. त्याचे थर जुळत जातात आणि पुढे तेवढ्याच पोटॅशमध्ये कमी छिद्रं पडतात. दोन, बाहेर जाणाऱ्या नळीकडे दुर्लक्ष. ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान डांबर सुटतं आणि थंड नळीत गोठून ती बुजवतं, मग आत दाब साठतो. बाहेरची नळी किमान १० मिलिमीटर रुंद, आखूड आणि उताराची ठेवा आणि पुढे एक रिकामी बाटली लावा, म्हणजे डांबर तिच्यात उतरेल.

थंड झालेला कोळसा खलात किंवा बॉल मिलमध्ये दळून ०.२५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. दळण फार बारीकही नको, नाहीतर पुढे गाळताना फिल्टर पेपर तुंबतो.

दुसरा टप्पा: पोटॅश मिसळणं

दळलेला कोळसा ५ ग्रॅम, पोटॅशियम हायड्रॉक्साइड १० ग्रॅम. बाजारातल्या पोटॅशच्या गोळ्या शंभर टक्के शुद्ध नसतात. बाटलीवर बहुधा ८५ टक्के लिहिलेलं असतं आणि उरलेलं मुख्यतः पाणी. खरे १० ग्रॅम हवे असतील तर ११.८ ग्रॅम गोळ्या घ्या. बरेच शोधनिबंध तराजूवरच्या गोळ्यांचंच प्रमाण लिहितात, काही शुद्ध पोटॅशचं. दुसऱ्याचा आकडा तुमच्याकडे जुळला नाही तर पहिला संशय इथे घ्यावा. तुम्ही कोणता हिशेब धरलात ते वहीत नोंदवा आणि पुढे तोच ठेवा.

बाटली जुनी, गोळ्यांवर पांढरी भुकटी धरलेली आणि त्या चिकटलेल्या असतील तर त्या वापरू नका. पोटॅश हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट होतं, आणि कार्बोनेटची ताकद ६०० अंशांवर फारशी चालत नाही.

पोटॅश १५ मिलि पाण्यात हळूहळू विरघळवा (द्रावण तापतं, काच नको, पीपी प्लास्टिकचा बीकर घ्या), त्यात कोळसा घाला, ६० °से.ला चार तास ढवळा आणि ११० °से.ला रात्रभर वाळवा. वाळलेला लगदा ओव्हनबाहेर पडून राहू देऊ नका, तासाभरात ओलसर होतो. वेळ नसेल तर कोरडे दोन्ही पदार्थ खलात एकत्र वाटूनही चालतं, पण दमट हवेत, विशेषतः किनाऱ्यावर जून-सप्टेंबरमध्ये, गोळ्या वाटतानाच पाझरू लागतात. त्या दिवसांत द्रावणाचा मार्गच बरा.

तिसरा टप्पा: भट्टी

भांडं निकेलचं हवं. पोर्सेलिन आणि क्वार्ट्झ यांना वितळलेलं पोटॅश खातं, आणि ॲल्युमिनाचं भांडंही काही घाण्यांनंतर झिजतं. भट्टीची नळी क्वार्ट्झची असेल तर पोटॅशियमच्या वाफेने ती धुरकट होऊन तडकते, म्हणून इथे ॲल्युमिनाची नळी वापरा.

भांडं एक-तृतीयांशच भरा. ३५०-४०० अंशांच्या आसपास पोटॅश वितळतं, त्यातलं उरलेलं पाणी सुटतं आणि लगदा दूध उतू जावं तसा फुगून वर येतो. काठोकाठ भरलेलं भांडं म्हणजे भट्टीची नळी साफ करण्यात गेलेला आठवडा.

तापवण्याआधी हवा पूर्ण काढून टाका. आतून ५० मिलिमीटर व्यासाच्या, एक मीटर लांब नळीत जवळजवळ २ लिटर वायू मावतो. निदान पाचपट, म्हणजे १० लिटर नायट्रोजन तिच्यातून जाऊ द्या. मिनिटाला २०० मिलि सोडला तर पन्नास मिनिटं लागतील. ही पन्नास मिनिटं कुणालाच आवडत नाहीत, पण वाचवू नका. नायट्रोजन ९९.९९९ टक्के शुद्ध घ्या. साध्या सिलिंडरात एक टक्का ऑक्सिजन असेल तर मिनिटाला २ मिलि, तीन तासांत ३६० मिलि ऑक्सिजन कोळशावरून जातो. तेवढ्याने ५ ग्रॅममधला ०.२ ते ०.३५ ग्रॅम कार्बन नुसता जळून जातो, आणि तोही नेमका पृष्ठभागावरचा.

तापमान असं चढवा: मिनिटाला ५ अंशांनी ४०० °से., तिथे अर्धा तास थांबा म्हणजे पाणी आणि फेस ओसरेल. मग मिनिटाला ३ अंशांनी ६०० °से., तिथे एक तास. नंतर भट्टी बंद, नायट्रोजन चालू, खोलीच्या तापमानापर्यंत.

आत काय चाललेलं असतं हे माहीत असलं की तापमान का सांभाळायचं ते कळतं. ४०० ते ६०० अंशांच्या टप्प्यात पोटॅशचे सहा रेणू कार्बनचे दोन अणू खातात आणि पोटॅशियम, हायड्रोजन व पोटॅशियम कार्बोनेट देतात. अरुंद छिद्रं इथेच कोरली जातात. ७०० च्या वर कार्बोनेटही फुटून कार्बन खाऊ लागतं, त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि पोटॅशियम ७६० अंशांच्या आसपास उकळून कार्बनच्या थरांमध्ये घुसतं. त्यामुळे थर फाकतात, छिद्रं रुंदावतात, क्षेत्रफळाचा आकडा भराभर वाढतो. बीईटी (नायट्रोजन वापरून क्षेत्रफळ मोजायची पद्धत) अहवाल देखणा येतो आणि कार्बन डायऑक्साइडचं धरणं घटतं. चौपट पोटॅश आणि ८०० अंश ही कृती जास्त दाबाखालच्या साठवणीसाठी ठेवा.

भट्टीवरचा आकडा म्हणजे भांड्यातलं तापमान नव्हे. भट्टीचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, नळीच्या बाहेर असतं. एकदा रिकाम्या भांड्याशेजारी दुसरं थर्मोकपल घालून फरक मोजून घ्या. ३०-४० अंशांचा फरक असेल तर तुमचे ६०० खरे ६०० नाहीत.

बाहेर पडणारा वायू आधी रिकाम्या बाटलीतून, मग पाण्याच्या बाटलीतून फ्यूम हूडमध्ये सोडा. रिकामी बाटली मध्ये हवीच. भट्टी थंड होताना आतला दाब उतरतो, आणि पाणी उलटं ओढलं जाऊन गरम पोटॅशियमवर पडलं तर स्फोट होतो. म्हणूनच थंड होत असतानाही नायट्रोजन बंद करायचा नाही.

चौथा टप्पा: उघडणं आणि धुणं

नळीच्या थंड टोकाला राखाडी-चंदेरी थर दिसला तर ते पोटॅशियम असण्याची शक्यता धरा. तापमान जास्त झालं असेल तर तो नक्की दिसतो. नळी घाईने उघडू नका. पूर्ण थंड झाल्यावर नायट्रोजन अर्धा तास पाण्याच्या बाटलीतून ओला करून आत सोडा, म्हणजे धातू सावकाश मरतो. यात हायड्रोजन निघतो, तेव्हा आसपास ठिणगी नको. मग भांडं बाहेर काढून त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबथेंब टाका, बुडबुडे थांबल्यावरच पाणी.

आता २५० मिलि गरम डिस्टिल्ड पाण्यात माल अर्धा तास ढवळा आणि गाळा. कार्बोनेट आणि उरलेलं पोटॅश बरंचसं इथेच जातं. नंतर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५० मिलि, सावकाश. उरलेल्या कार्बोनेटमुळे फेस येतो, म्हणून बीकर एक लिटरचा घ्या. चार तास ढवळा, गाळा, आणि गरम पाण्याने पीएच ७ होईपर्यंत धूत राहा. पीएच ७ आला म्हणजे काम संपलं असं नाही. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. पाणी गढूळ झालं तर क्लोराइड अजून आहे आणि तेवढी छिद्रं मिठाने भरलेली आहेत. वॉटमन ४२ कागद किंवा ०.४५ मायक्रॉनची मेम्ब्रेन वापरा, जाड कागदातून बारीक माल निसटतो आणि उतारा खोटा कमी दिसतो.

१२० °से.ला बारा तास वाळवा, शक्यतो व्हॅक्यूम ओव्हनमध्ये. ५ ग्रॅम कोळशाचे ३ ते ३.५ ग्रॅम हाती आले पाहिजेत. दोन ग्रॅमच आले तर तापमान वर गेलं किंवा हवा शिरली. साडेचारच्या वर आले तर पोटॅश नीट लागलं नाही किंवा धुणं अपुरं आहे. कोणतं ते राखेवरून ठरवा: एक ग्रॅम माल उघड्या मूषेत ६५० °से.ला जाळून बघा. राख दोन-तीन टक्क्यांच्या वर असेल तर पुन्हा आम्लात घाला.

धुण्याचं पहिलं पाणी आणि आम्लाचं पाणी मोरीत ओतू नका. दोन्ही एकत्र करून पीएच ६ ते ८ वर आणा आणि मगच संस्थेच्या सांडपाणी व्यवस्थेत द्या.

मोजणी

आयोडीन नंबर (ग्रॅमभर कोळसा द्रावणातलं किती आयोडीन शोषतो तो आकडा) काढणं स्वस्त आहे आणि कोळशाच्या व्यापारात तोच चालतो, पण इथे त्याच्यावर विसंबू नका. आयोडीनला साधारण एक नॅनोमीटरच्या वरची छिद्रंच नीट उपलब्ध होतात. आपल्याला हवी ती त्याहून अरुंद. आयोडीन नंबर वाढतो आहे आणि कार्बन डायऑक्साइड घटतो आहे असं दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही खरं असतं.

नायट्रोजनने बीईटी काढायचं असेल तर माल आधी व्हॅक्यूममध्ये २०० °से.ला निदान सहा तास रिकामा करा आणि वजन रिकामं केल्यानंतरचं धरा. दमट खोलीत कोळसा पाच-दहा टक्के वजनाचं पाणी सहज धरतो. आधीचं वजन लिहिलं तर सगळे आकडे तेवढ्याने खाली येतात. गणिताला सापेक्ष दाबाची (वायूचा दाब भागिले त्या तापमानाचा त्याचा संपृक्त दाब) ०.०५ ते ०.३ ही पुस्तकी पट्टी इथे लागू नाही. अरुंद छिद्रांच्या कोळशाला ०.०१ ते ०.१ च्या दरम्यानचे बिंदू घ्यावे लागतात, नाहीतर सरळ रेषेचा छेद ऋण येतो. शिवाय उणे १९६ अंशांवर नायट्रोजन ०.५ नॅनोमीटरच्या छिद्रात शिरायला इतका वेळ घेतो की यंत्र वाट न बघता पुढे जातं. त्या छिद्रांचा नकाशा हवा असेल तर बर्फाच्या पाण्यात, ० °से.ला, कार्बन डायऑक्साइडनेच मोजणी करा.

महाविद्यालयांत टीजीए (तापमान आणि वायू बदलत वजन मोजणारं यंत्र) बहुधा असतं आणि तेवढ्यावर बरंच काम भागतं. १०-१५ मिलिग्रॅम माल, नायट्रोजनमध्ये १२० °से.ला एक तास, मग २५ °से.पर्यंत थंड करून वजन स्थिर होऊ द्या आणि वायू बदलून शुद्ध कार्बन डायऑक्साइड मिनिटाला ५० मिलि. वजन किती वाढलं ते बघा. ग्रॅमला ४४ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलिमोल. १७.६ टक्के वाढ म्हणजे ४ मिलिमोल. या कृतीने ३.५ ते ४.५ च्या दरम्यान आकडा यावा.

रिकाम्या पॅनवर हाच कार्यक्रम एकदा चालवून तो फरक वजा करा. कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा दीडपट जड, त्यामुळे वायू बदलताच पॅन तरंगल्यासारखं हलकं होतं. ही दुरुस्ती न करताच छापलेले आकडे पुष्कळ सापडतात. पुण्यात मोजत असाल तर हवेचा दाबच ०.९५ बारच्या आसपास असतो. उघड्या टीजीएवरचा तुमचा आकडा मुंबईतल्या आकड्यापेक्षा किंचित कमी येणार, माल तोच असला तरी. तापमानाचा परिणाम याहून मोठा: २५ वरून ५० अंशांवर गेलात की धरणं ३५ ते ४५ टक्क्यांनी उतरतं. वातानुकूलन बंद असलेल्या मे महिन्यातली मोजणी जानेवारीतल्या मोजणीशी ताडू नका.

शुद्ध वायूतला आकडा म्हणजे नुसती झलक. खरी परीक्षा मिश्र वायूची. १० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या स्टीलच्या नळीत ५ ग्रॅम माल भरा, दोन्ही टोकांना ग्लास वूल, आणि १५ टक्के कार्बन डायऑक्साइड-८५ टक्के नायट्रोजन मिनिटाला ५० मिलि सोडा. हिशेब असा: ०.१५ बारला ग्रॅममागे १.२ मिलिमोल धरला तर एकूण ६ मिलिमोल, म्हणजे २५ °से.ला सुमारे १४७ मिलि. आत येतात मिनिटाला ७.५ मिलि. म्हणजे साधारण विसाव्या मिनिटाला पलीकडच्या सेन्सरवर वायू दिसायला हवा. दहाव्यालाच दिसला तर एक तर माल हलका आहे, नाहीतर वायू नळीच्या कडेने पळवाट काढतो आहे. दाणा नळीच्या व्यासाच्या दहाव्या भागाहून मोठा नको, ते यासाठीच. आणि अगदी बारीक भुकटी भरली तर दाब चढून वायू पुढेच सरकत नाही. माल ५ ते १० टक्के सीएमसीने (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, एक प्रकारची खळ) बांधून, गोळ्या करून, फोडून ०.५ ते १ मिलिमीटरचे दाणे घ्या. बाइंडर थोडी छिद्रं खातो, तेवढा तोटा सोसावा लागतो.

सेन्सर घेताना कक्षा बघा. खोलीतल्या हवेसाठीचा पाच हजार पीपीएमचा (दशलक्ष भागांत पाच हजार, म्हणजे अर्धा टक्का) एनडीआयआर सेन्सर, म्हणजे अवरक्त किरणांनी वायू मोजणारा सेन्सर, १५ टक्क्यांत एका क्षणात टोकाला जाऊन बसतो. ० ते २० टक्के कक्षेचा हवा. नळीतली आणि जोडांमधली रिकामी जागा मोजायला तीच नळी काचेच्या मण्यांनी भरून एकदा प्रयोग करा आणि ती मिनिटं वजा करा.

मग नळी ८० °से.ला नायट्रोजनखाली किंवा व्हॅक्यूम पंपाने रिकामी करून निदान दहा आवर्तनं घ्या. कोळशावर हा वायू नुसता चिकटलेला असतो, ओढ मोलमागे २० ते ३० किलोज्यूलची. अमाइनच्या (कार्बन डायऑक्साइडशी रासायनिक बंध करणाऱ्या नायट्रोजनयुक्त रसायनांच्या) द्रावणात ती ८०-९० च्या घरात असते आणि ते द्रावण १२० अंशांपर्यंत उकळावं लागतं. कोळशाचा खरा फायदा हाच, रिकामा करायला सोपा. दहा आवर्तनांत धरणं पाच टक्क्यांहून जास्त घसरलं तर मालात काही रासायनिक बदल होतो आहे किंवा वायूत ओलावा शिरतो आहे.

हा कोळसा कुठे लावावा, कुठे नाही

मोकळ्या हवेतून कार्बन डायऑक्साइड काढायला हा कोळसा निरुपयोगी आहे. तिथे वायू ४२० पीपीएमच्या आसपास, आणि इतक्या कमी दाबाला ही सौम्य ओढ जवळजवळ काहीच धरत नाही. त्यासाठी अमाइन बसवलेले पदार्थ लागतात. कोरड्या धुरात, ०.१५ बारला, झिओलाइट १३-एक्स (सिलिका-ॲल्युमिनाचा सच्छिद्र खनिज पदार्थ) कोळशाच्या दुपटीने धरतो, हेही कबूल केलं पाहिजे. पण १३-एक्सवर आधी पाणी बसतं आणि ते काढायला भरपूर तापवावं लागतं. कोळशाची भिंत पाण्याला दूर ठेवणारी. ४० टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तो पाणी फारसं घेत नाही. म्हणून वायू अर्धवट वाळवून, व्हॅक्यूमने रिकाम्या होणाऱ्या टाक्यांत कोळसा शोभतो.

मराठी वाचकाच्या जवळचं उदाहरण म्हणजे साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) होणारा बायोगॅस. त्यात ३५ ते ४५ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे दाब चिमणीच्या दुप्पट-तिप्पट, आणि तिथे कोळशाची क्षमता खरी कामी येते. फक्त हायड्रोजन सल्फाइड आधी काढलाच पाहिजे. तो ऑक्सिजनच्या अंशाबरोबर छिद्रांतच गंधक होऊन बसतो आणि ८० अंशांवर निघत नाही.

किती माल लागेल याचा अंदाज सोपा आहे. प्रत्येक आवर्तनात कामी येणारी क्षमता ग्रॅममागे १ मिलिमोल धरा, म्हणजे किलोमागे ४४ ग्रॅम वायू. १०० किलो कोळसा एका आवर्तनात ४.४ किलो पकडतो. दहा मिनिटांचं आवर्तन असेल तर दिवसात १४४ आवर्तनं, जवळजवळ ६३० किलो. यंत्रणेचा खर्च ठरतो तो झडपा आणि पंपावर, कोळशावर कमी.

युरिया किंवा मेलामाइन घालून नायट्रोजन बसवायचा मोह होतो. पुष्कळदा त्याने आकडा वाढतोही, पण वाढीचं श्रेय नायट्रोजनला की वाटेत बदललेल्या छिद्रांना, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. करायचंच असेल तर युरियाशिवायचा, अगदी त्याच तापमानाचा एक घाणा शेजारी ठेवा आणि दोघांचा अरुंद छिद्रांचा नकाशा ताडून बघा. युरिया तापताना अमोनिया आणि आयसोसायॅनिक आम्ल सोडतो, तेव्हा बाहेरच्या वायूला आम्लाची आणखी एक बाटली लावा. पोटॅशच्या जागी पोटॅशियम कार्बोनेट हा पर्याय मात्र जास्त लोकांनी वापरायला हवा. कातडी कमी जाळतो, ओलावा कमी धरतो, भांडी टिकतात. त्याला ६५० ते ७०० अंश द्यावे लागतात आणि उतारा थोडा वेगळा येतो, एवढंच.

तयार माल घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये ठेवा. बाटलीवर घाण्याची तारीख, पोटॅशचं प्रमाण आणि ते शुद्ध धरलं की गोळ्यांचं, भांड्याजवळचं प्रत्यक्ष तापमान, उतारा आणि राख एवढं लिहा. उघड्यावर राहिलेला कोळसा हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा हळूहळू धरत जातो. सहा महिन्यांनी त्याच बाटलीतून मोजणी करायची असेल तर आधी २०० °से.ला पुन्हा रिकामा करून घ्या.